डोरीनची ओटी

कुलथे बाई नसत्या, तर त्या मंगळवारी सकाळी मी एका ब्राँझच्या बाईच्या अंगठ्याला नाक लावून उभा राहिलो नसतो.

बाईंनी आम्हाला शाळेत विज्ञान शिकवलं. माझे वडील तालुक्याच्या बाजार समितीत पोती उचलायचे. घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. माझा बारावीचा निकाल लागला त्या दिवशी बाई घरी आल्या, बसायला स्टूल मागून घेतलं आणि वडिलांना म्हणाल्या, "याला इंजिनियरिंगला घालायचं कबूल करा, मग मी उठते." वडील नाही म्हणत राहिले. संध्याकाळी आई बाईंच्या नावाची भाकरी थापायला लागली, तेव्हा वडिलांनी हार मानली. मी जो काही आहे तो त्या स्टुलामुळे.

तर अंगठा.

"तू नक्की काय करतोयस?" शेजारून हेलनने विचारलं. हेलन माझी बॉस. आमची कंपनी ब्रिस्टलमध्ये आहे आणि जुन्या पुलांची, मनोऱ्यांची, पुतळ्यांची तब्येत तपासते. डॉक्टर माणसाला तपासतो तसंच, फक्त आमचे पेशंट तक्रार करत नाहीत.

"वास घेतोय," मी म्हणालो.

"आपल्याकडे त्यासाठी लॅब आहे."

"लॅबला पंधरा दिवस लागतील. मला कळलंय. हे कुंकू आहे. आणि ही हळद."

"खात्री आहे?"

"माझ्या किचनमध्ये दोन्ही आहेत."

हेलनने वहीतून डोकं वर काढलं. "म्हणजे संशयितांत मी तुझंही नाव घालू का?"

पुतळा ज्या गावात आहे त्याचं नाव मी सांगणार नाही. तिथली कौन्सिल, म्हणजे नगरपालिका, आमची क्लायंट आहे आणि पुढेही राहावी अशी इच्छा आहे. ब्रिस्टलहून ट्रेनने तासाभराचं अंतर. टाउन हॉलसमोर चौक, चौकात ग्रॅनाइटचा चौथरा आणि त्यावर माणसाच्या दुप्पट उंचीची ब्राँझची स्त्री. हातात तुटलेली साखळी. कौन्सिलच्या कागदावर तिचं नाव 'फ्रीडम', म्हणजे स्वातंत्र्यदेवता. गावात तिला सगळे डोरीन म्हणतात. का, ते कुणालाच सांगता आलं नाही. एक आजोबा म्हणाले, ती डोरीनसारखी दिसते म्हणून.

डोरीनचा उजवा पाय चौथऱ्याच्या कडेबाहेर थोडा आलेला आहे, साधारण माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर. इथल्या टाउन हॉलमध्ये नव्या नागरिकांचा शपथविधी होतो. शपथ घेऊन, सर्टिफिकेट हातात धरून माणसं बाहेर येतात आणि जाताना डोरीनच्या अंगठ्याला हात लावतात. हे कुणी सुरू केलं माहीत नाही, पण सोमालियाचा असो की पोलंडचा, माणूस हात लावल्याशिवाय बसस्टॉपकडे जात नाही. त्यामुळे सबंध डोरीन काळी-हिरवी आणि अंगठा तेवढा सोन्यासारखा लखलखीत.

एवढ्यावर कौन्सिलची हरकत नव्हती. पण मागच्या वर्षापासून अंगठ्यावर लाल-पिवळे डाग दिसायला लागले. मग चौथऱ्यावर तांदूळ सापडले. मग एका सकाळी हिरव्या कापडात गुंडाळलेली एक गोल, जड वस्तू सापडली. पोलिसांनी अर्धा दिवस चौक बंद ठेवला. शेवटी आत नारळ निघाला.

त्याच सुमारास पुतळ्यावर खड्डे पडल्याचंही कुणाच्या तरी लक्षात आलं. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील. वर्षानुवर्षं हवा खाऊन त्याच्यावर एक पातळ थर चढतो, त्याला पॅटिना म्हणतात. तो थर म्हणजे पुतळ्याची कातडी. ती फाटली की आत बारीक खड्डे पडत जातात आणि त्यांतून फिकट हिरवी पूड निघते. आमच्या धंद्यात याला ब्राँझचा आजार म्हणतात. वेळीच थांबवला नाही तर तो वाढतो.

कौन्सिलचे कॉन्झर्व्हेशन ऑफिसर, म्हणजे जुन्या वास्तू सांभाळणारे अधिकारी, होते मिस्टर प्रिचर्ड. उंच, सडपातळ, टाय कायम सरळ. त्यांचा हिशोब सोपा होता. आधी लाल पूड आली, मग खड्डे सापडले. म्हणजे लाल पुडीमुळे खड्डे. उपाय, डोरीनभोवती माणसापेक्षा उंच रेलिंग.

"तुम्ही कारण कन्फर्म करा आणि रेलिंगचा पाया डिझाइन करा," ते आम्हाला म्हणाले होते. "कॉन्ट्रॅक्टर पुढच्या महिन्यात येतोय."

मी कापूस ओला करून अंगठ्यावरचा नमुना घेत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"एक्सक्यूज मी. प्लीज, डोन्ट क्लीन."

मी वळलो. जाड कोट, त्याखाली केअर होमचा निळा युनिफॉर्म, पायात स्नीकर्स, कपाळावर टिकली. मी पिवळं जॅकेट आणि हेल्मेट घातलेला.

"क्लीन करत नाहीये, ताई," मी मराठीत म्हणालो. "तपासतोय."

ती दोन पावलं मागे सरकली. मग पुढे आली. "अगं बाई. तुम्ही कौन्सिलचे?"

"कौन्सिलने बोलावलेला."

त्या मंदाताई. माहेर इचलकरंजी. गावातल्या केअर होमच्या, म्हणजे वृद्धाश्रमाच्या, किचनमध्ये बरीच वर्षं कामाला. नवरा इथेच वारला, मुलगी लेस्टरला शिकते. मराठी, कन्नड आणि गुजराती अशा चार-पाच जणी मिळून डोरीनची ओटी भरतात, हे त्यांनी मला काहीही न लपवता सांगितलं.

"पण डोरीनची का?" मी विचारलं.

"का म्हणजे? बाईमाणूस आहे. किती वर्षं थंडीत उभी आहे, एकटी. कौन्सिलने कधी तिला साधा खण तरी दिलाय का?"

तसं कलम आमच्या चेकलिस्टमध्ये नव्हतं.

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. इथलं नागरिकत्व मिळायच्या आधी एक परीक्षा असते. राजाराण्या, कायदे, क्रिकेट असं सगळं विचारतात. मंदाताई त्यात नापास झाल्या होत्या. एकदाच नव्हे. दर वेळी ट्रेनमधून उतरून घरी जाताना वाटेत डोरीन लागायची. शेवटच्या वेळी नापास होऊन परतताना त्या तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नवस बोलल्या, की मी पास झाले आणि इथली झाले, तर शपथेच्या दिवशी तुझी भरल्या हाताने ओटी भरीन. पुढच्या परीक्षेत त्या पास झाल्या. शपथविधी पुढच्या महिन्यात होता.

"आणि रेलिंग त्याच्या आधीच्या आठवड्यात लागतंय," त्या म्हणाल्या. "कौन्सिलच्या नोटिशीवर वाचलं मी. नवस फेडता आला नाही तर काय तोंड दाखवू तिला? रोज तिच्यासमोरूनच कामाला जाते."

आता त्या मला काय सांगणार ते मी ओळखलं होतं, आणि मनातल्या मनात नकाराची वाक्यं जुळवत होतो. अहवालात खोटं लिहून मी माझी नोकरी आणि व्हिसा दोन्ही घालवले असते.

"तुम्ही आपले आहात ना?" त्या म्हणाल्या.

"ताई, सध्या मी रिपोर्टचा आहे."

"मग रिपोर्टात खरं लिहा. कुंकवाने तिला त्रास होत असेल तर मी आयुष्यात लावणार नाही. आणि होत नसेल तर तेही लिहा."

माझी जुळवलेली वाक्यं वाया गेली.

संध्याकाळी हेलनला मी सगळं सांगितलं, नवसासकट. तिला नवस समजवायला ट्रेनचा अर्धा प्रवास लागला.

"म्हणजे कामाचे पैसे काम झाल्यावर," ती म्हणाली. "आपल्यापेक्षा बरी पद्धत आहे. तुला या कामावरून काढू का?"

"नको. पण प्रत्येक टेस्ट तूही बघ."

आम्ही डोरीनचा नकाशा काढला. खड्डा जिथे असेल तिथे लाल टिंब. दुसऱ्या दिवशी तो नकाशा ऑफिसच्या भिंतीवर लावला आणि दोघंही त्याच्यासमोर चहाचे मग घेऊन उभे राहिलो.

उजवा पाय, ज्याच्यावर हळद-कुंकू, तो जवळजवळ स्वच्छ. लोकांच्या हातांनी थोडा झिजलेला, पण निरोगी. खड्डे सगळे डाव्या बाजूला. डावी टाच, झग्याची किनार आणि त्याखालचा ग्रॅनाइट. तिथे कुंकवाचा कणही नव्हता.

"त्या बाजूला काय आहे?" हेलनने विचारलं.

"ऊन," मी म्हणालो. "आणि चौथऱ्यावर चढणाऱ्या पायऱ्या. सगळ्यात वरची, टाचेखालची, बसायला सोयीची."

त्या खड्ड्यांतला हिरवा रंग मी आधी कुठेतरी बघितला होता. कुठे ते दुपारी आठवलं, सँडविच खाताना.

आमच्या गावात हुतात्मा स्मारक आहे. स्वातंत्र्यलढ्यात गेलेल्या तिघांची नावं पितळी पाटीवर कोरलेली. वर्षभर त्याच्या ओट्यावर म्हातारी माणसं पत्ते खेळायची आणि उन्हाळ्यात बायका कुरडया वाळत घालायच्या. पंधरा ऑगस्ट जवळ आला की कुलथे बाई आमचा वर्ग पाटी घासायला न्यायच्या. चिंच आणि मीठ. एका वर्षी आम्ही पाटीला चिंच-मीठ फासलं आणि धुवायच्या आधीच क्रिकेट खेळायला पळालो. सकाळी आलो तर हुतात्म्यांची नावं हिरवीगार. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिथेच तास घेतला. म्हणाल्या, "आंबट आणि खारट मिळून बसले की तांबं रडतं. एकेकट्याचं ते सोसतं. जोडी जमली की संपलं."

मी सँडविच खाली ठेवलं आणि हेलनला विचारलं, "इंग्लंडमध्ये माणसं बाहेर बसून आंबट आणि खारट एकत्र काय खातात?"

तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. "तू इथे किती वर्षं आहेस?"

चौकाच्या कोपऱ्यावर फिश अँड चिप्सचं, म्हणजे तळलेल्या माशाचं आणि बटाट्याच्या गरम कापांचं, दुकान होतं. तिथे चिप्स देताना काउंटरवरची बाई एकच प्रश्न विचारते, मीठ आणि व्हिनेगर घालू का. आणि सगळे एकच उत्तर देतात.

लॅबचा निकाल येईपर्यंत मी ऑफिसच्या खिडकीत कुलथे बाईंचा प्रयोग मांडला. ब्राँझचे तीन तुकडे. एकावर हळद-कुंकू, एकावर मीठ-व्हिनेगर, एक कोरा. रोज थोडं पाणी शिंपडायचं, कारण डोरीनवरही पाऊस पडतो. कुंकवाचा तुकडा आठवड्याने पुसला, तर जसाच्या तसा. मीठ-व्हिनेगरचा तुकडा आमच्या गावच्या पाटीसारखा झाला होता. मग लॅबनेही तेच सांगितलं. खड्ड्यांत क्लोराइड, म्हणजे मीठ. आणि सोबत व्हिनेगरमधलं आम्ल.

पण लॅबने आणखी एक गोष्ट सांगितली. काही खड्डे पक्ष्यांच्या विष्ठेखालचे होते. तीही ब्राँझला वाईट. पक्षी दोन कारणांनी येत होते. चिप्ससाठी सीगल हे समुद्रपक्षी आणि तांदळासाठी कबुतरं.

"हे लिहिणार आहेस?" हेलनने विचारलं. "तांदूळ?"

"मंदाताई म्हणाल्या खरं लिहा."

"मग ती बाई माझ्या बहुतेक क्लायंट्सपेक्षा बरी आहे."

साइट मीटिंग शुक्रवारी दुपारी ठेवली होती. मी लवकर पोचलो. मीटिंगच्या आधी साइटवर एकटं फिरावं, ही माझी सवय. उजव्या बाजूने आलो, अंगठ्याला वळसा घातला आणि डाव्या बाजूला गेलो.

पायरीवर, डोरीनच्या डाव्या टाचेला आरामात पाठ टेकून, मिस्टर प्रिचर्ड बसले होते. टाय खांद्यावरून मागे टाकलेला. मांडीवर चिप्सचा उघडा कागद. व्हिनेगरचा वास माझ्यापर्यंत येत होता. एक सीगल हातभर अंतरावर उभा राहून त्यांच्याकडे बघत होता. दोघांची जुनी ओळख असावी.

"अरे, लवकर आलात," ते म्हणाले. "चिप घ्या."

मी एक घेतली. नाही म्हणणं अपमानाचं झालं असतं. चांगली होती.

"इथे नेहमी बसता?" मी अगदी सहज विचारलं.

"दर शुक्रवारी. लहानपणी आई आणायची. इथेच, याच पायरीवर. शाळा सुटली की चिप्स आणि डोरीन." त्यांनी मागे न बघता टाचेवर थाप मारली, घरच्या म्हशीला मारावी तशी. कागदात उरलेलं व्हिनेगर त्यांनी पायरीवर ओतलं आणि कागदाची नीट घडी घातली. कचरा टाकणाऱ्यांतले ते नव्हतेच.

तेवढ्यात हेलन आली. तिच्या हातात प्रयोगाचे तीन तुकडे होते. आणि तिच्या मागून मंदाताई. ब्रेक घेऊन आल्या होत्या. नोटिशीवर मीटिंग सर्वांसाठी खुली असल्याचं लिहिलं होतं, आणि नोटीस वाचून खरंच येणारं माणूस कौन्सिलला बहुधा प्रथमच भेटत होतं.

मी तीन तुकडे पायरीवर मांडले. मग नकाशा उघडला. मग कोणत्या तुकड्यावर काय होतं ते सांगितलं. प्रिचर्ड नकाशाकडे बघत होते. लाल टिंबांचा दाट घोळका होता बरोबर त्यांच्या पाठीमागे. ते हळूच उठले, वळून टाचेकडे पाहिलं आणि जिथे बसले होते तिथली पायरी रुमालाने पुसायला लागले.

"एका माणसाच्या लंचने एवढं होतं का?" त्यांनी पुसता पुसता विचारलं.

"एकाच्या नाही," मी म्हणालो. "सगळं गाव बसतं."

"मला सांगा," ते मंदाताईंकडे वळले. चिडले नव्हते, पण काहीतरी विचारायलाच हवं होतं. "तुम्ही तिला नारळ का देता?"

मंदाताईंनी थोडा विचार केला. मग त्यांच्या इंग्रजीत म्हणाल्या, "तुम्ही तिला पाठ का देता?"

हेलन बाजूला वळून पुतळ्याचा झगा अगदी बारकाईने तपासायला लागली.

"ती आमचीच आहे," प्रिचर्ड म्हणाले. "घरातल्या माणसाकडे कुणी उभं राहून बघत बसतं का? शेजारी बसतं, खातं."

"बरोबर," मंदाताई म्हणाल्या. "आमची अजून व्हायचीय. म्हणून आम्ही समोरून येतो. हातात काहीतरी घेऊन."

सीगलने तेवढ्यात उरलेली चिप उचलली.

मग मी दोघांनाही वाईट बातमी दिली. "ताई, तांदूळ नको. कबुतरं येतात."

"बिनतांदळाची ओटी?" मंदाताईंचा आवाज चढला. "असं कुठे असतं?"

"आणि सर, पायरीवर मीठ-व्हिनेगर नको."

"बिनव्हिनेगरच्या चिप्स?" प्रिचर्ड म्हणाले. स्वर अगदी तोच.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतका वेळ जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं. दोघंही माझ्या विरुद्ध एक झाले.

तोडगा त्यांनीच काढला. तांदूळ खणात गाठ मारून बांधायचे, ओटी तिच्यापुढे ठेवून नमस्कार करायचा आणि परत घरी न्यायची, चौकात सोडायची नाही. चिप्स खाणाऱ्यांसाठी टाचेपासून लांब एक बाक, तोंड डोरीनकडे. वर्षातून दोनदा धुणं आणि मेण लावणं, म्हणजे कातडी परत नीट होईल. रेलिंग रद्द. आमच्या कंपनीला रेलिंगच्या पायाचं काम मिळालं नाही, त्याऐवजी एका बाकाच्या पायाचं मिळालं. हेलन म्हणाली, तुझ्या नेमकेपणाचा आपल्याला हाच फायदा.

अहवालाच्या पहिल्या मसुद्यात मी 'नियमितपणे बसणारे स्थानिक नागरिक' असं लिहून तळटीपेत प्रिचर्ड यांचं नाव दिलं होतं. हेलनने तळटीप खोडली.

या कामातून मी शिकलो ते एवढंच. क्लायंट कारण ठरवून बोलावतो, तेव्हा त्या कारणाच्या उलट्या बाजूला जाऊन बघावं. आणि शुक्रवारच्या साइट मीटिंगला जेवणाच्या वेळीच पोचावं.

कुलथे बाईंना आता फोनवर नीट ऐकू येत नाही. म्हणून मी पत्र पाठवलं. ते असं:

आदरणीय बाई,
सा. नमस्कार.

तुमचा चिंच-मिठाचा प्रयोग मी इंग्लंडमध्ये करून पाहिला. चिंचेऐवजी व्हिनेगर वापरलं. निकाल तोच आला. तुमचं नाव अहवालात घालता आलं नाही, तिथे फक्त लॅबची नावं चालतात.

काल मंदाताईंची शपथ झाली. मी रजा काढून गेलो होतो. त्या नऊवारी नेसून आल्या होत्या, वरून केअर होमचा कोट, कारण वारा फार होता. ओटी भरायला उंची पुरेना, तेव्हा ज्या साहेबांना रेलिंग लावायचं होतं त्यांनी टाउन हॉलमधून एक स्टूल आणून दिलं. स्टूल बघून मला कुणाची आठवण झाली ते तुम्हाला कळेल. ओटी भरेपर्यंत साहेब नारळ धरून उभे होते. दोन्ही हातांनी, बॉम्ब धरावा तसा. नंतर त्यांनी विचारलं, याचं पुढे काय करतात. मंदाताई म्हणाल्या, वड्या. शुक्रवारी बाकावर बसून दोघं वड्या खाणार आहेत, असं ठरलं आहे. साखर ब्राँझला चालते का, ते मला तपासायला सांगितलं आहे.

आपल्या स्मारकाच्या ओट्यावर अजून पत्ते चालतात का? कुरडया घालतात का? कुणाला हरकत घेऊ देऊ नका. मला आता वाटतं, त्या तिघा हुतात्म्यांनी ते एवढ्यासाठीच केलं असेल. कुणीतरी निवांत पाठ टेकून बसावं म्हणून. फक्त पाटीवर लोणच्याचं काही सांडू नये.

माझा नागरिकत्वाचा अर्ज पुढच्या वर्षी करता येईल. मी विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे नवस वगैरे काही बोललेलो नाही. मेण नीट बसलंय का ते बघायला सध्या मला दर आठवड्याला तिथे जावं लागतं. तपासणी फक्त डाव्या टाचेची आहे. पण निघताना मी उजवीकडून वळसा घालतो.

तुमचा विद्यार्थी,
शेवटच्या बाकावरचा सुनील